आवाज येतो, शब्द येत नाहीत!

मित्रांनो, एका आजीच्या तक्रारीमुळे आम्ही मुंबई, पुणे आणि गोवा असा प्रवास करून आलो, असं सांगितलं तर तुम्हांला खरं वाटेल का? पण झालं खरं तसंच!

आमचं गाव वसईतलं. गावातलं चर्च जुनं, उंच छताचं, जाड भिंतींचं. रविवारी सकाळी मराठीतून मिस्सा होते. चर्च गच्च भरतं. लाल लुगडं नेसलेली ही आजी दर रविवारी न चुकता येते आणि अगदी शेवटच्या बाकावर बसते. एका रविवारी मी तिला सहज विचारलं, "काय आजी, आजचं प्रवचन कसं वाटलं?"

आजी म्हणाली, "आवाज येतो रे बाबा, पण शब्द येत नाहीत. फादर काहीतरी चांगलं बोलत असणार, एवढं कळतं!"

आम्ही सगळे हसलो. पण मग लक्षात आलं, की शेवटच्या आठ-दहा बाकांवरच्या सगळ्यांचं हेच दुखणं आहे. फक्त बोलून दाखवलं ते आजीनं.

आता यावर उपाय काय? पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत बहुतेकांचं म्हणणं पडलं, "आणखी मोठे स्पीकर आणा!" गंमत म्हणजे दोन वर्षांपूर्वी एका दुकानदाराच्या सांगण्यावरून आम्ही दोन भलेमोठे स्पीकर घेतलेच होते. त्यामुळे आवाज दुप्पट झाला आणि शब्द आणखी बुडाले! त्या स्पीकरसाठी गावकऱ्यांनी भाजी विकून, फुलं विकून पैसे दिले होते. पुन्हा तीच चूक केली तर लोकांना तोंड कसं दाखवणार?

शेवटी फादर म्हणाले, "पैसे खर्च करण्याआधी जरा डोळे उघडे ठेवून फिरून या. दुसऱ्यांच्या चर्चमध्ये काय सोयी आहेत, त्यांनी काय केलं, काय चुकलं, ते बघा आणि लिहून आणा."

झालं! आमचं पथक तयार झालं. गावातले इलेक्ट्रिशियन काका, विज्ञान शिकवणारा मी, गायनमंडळातल्या नववीच्या दोन मुली आणि आठवीतला एक मुलगा. एका मुलीनं नवी कोरी वही घेतली आणि पहिल्या पानावर प्रश्न लिहिले. आवाज कसा येतो? शब्द कळतात का? उजेड आणि वारा कसा आहे?

निघायच्या आदल्या दिवशी आमचा सहावीतला एक मित्र भेटला. तो चाकाच्या खुर्चीतून फिरतो. आमच्या चर्चच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत, म्हणून तो दर रविवारी बाहेर व्हरांड्यात बसतो आणि खिडकीतून आत बघतो. त्याला उचलून आत न्यायला चार माणसं तयार असतात, पण त्याला ते आवडत नाही. "मी काय कपाट आहे का?" असं तो म्हणतो.

त्यानं वहीत आपला एकच प्रश्न लिहायला लावला : "आत जायला किती पायऱ्या?"

चर्चगेट म्हणजे कुठल्या चर्चचं गेट?

पहिली सफर मुंबईची. सकाळची लोकल पकडून वसई रोडहून निघालो. गाडीवर नाव होतं 'चर्चगेट'. आठवीतल्या मुलानं विचारलं, "सर, चर्चगेट म्हणजे कुठल्या चर्चचं गेट?"

आम्ही रोज या गाडीत बसतो, पण हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता! उत्तर असं, की जुन्या मुंबईला तटबंदी होती. तिला तीन मोठे दरवाजे होते. त्यांतला एक दरवाजा सेंट थॉमस चर्चकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता, म्हणून तो चर्चगेट. १८६० नंतरच्या काही वर्षांत तटबंदी पाडली गेली, दरवाजाही गेला. त्याच्या जागी १८६४ साली फ्लोरा फाउंटनचं कारंजं उभं राहिलं. दरवाजा नाही, पण नाव मात्र आजही लाखो लोकांच्या तोंडी आहे.

आम्ही निघालो होतो ते याच चर्चला. हॉर्निमन सर्कलजवळचं हे सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ साली प्रार्थनेसाठी खुलं झालं. म्हणजे तीनशे वर्षं उलटून गेली! आत शिरलं की बाहेरचे हॉर्न, गडबड सगळं मागे राहतं. भिंतींवर जिकडे तिकडे संगमरवरी स्मारकं, उंच कमानी आणि रंगीत काचांमधून येणारा उजेड.

आणि तिथे आहे पाइप ऑर्गन. तुम्ही हार्मोनियम पाहिली असेल. तिचा भाता हलवला की हवा पट्ट्यांवरून जाते आणि सूर निघतो. पाइप ऑर्गनमध्ये हवा सोडतात ती नळ्यांमध्ये. शेकडो नळ्या, जणू शेकडो बासऱ्या! नळी जितकी लांब, तितका सूर खालचा. नळीची लांबी दुप्पट केली, की सूर बरोबर एक सप्तक खाली उतरतो. आता भात्याचं काम विजेचे पंखे करतात. वीज नव्हती तेव्हा मात्र ऑर्गनच्या मागे एक माणूस घाम गाळत भाता हाणत बसायचा. लोक टाळ्या वाजवणाऱ्याच्या नावानं वाजवायचे, भातेवाल्याला कोण विचारतो!

ऑर्गनचा सूर थांबला तरी तो कमानींमध्ये थोडा वेळ रेंगाळतच राहिला. काका डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "सूर रेंगाळला की किती गोड लागतो! पण शब्द असा रेंगाळला तर?"

आमचा पहिला धडा तिथेच मिळाला. शाळेच्या पुस्तकात याला 'निनाद' म्हणतात. दगडी भिंत, फरशी, काच यांच्यावर आपटून आवाज पुन्हा पुन्हा परत येतो. गाण्याला तो शोभा आणतो, पण बोलण्याचा विचका करतो. 'देव' हा शब्द अजून हवेत घुमत असतानाच त्याच्या अंगावर 'दयाळू' येऊन पडतो आणि मागे बसलेल्याला ऐकू येतं नुसतं 'वववव'!

मग तिथे शब्द कळत होते का? हो, बरेच कळत होते. वहीवाल्या मुलीनं त्याचं कारण टिपलं : "वाचणारे काका प्रत्येक वाक्यानंतर थांबतात. आधीचं वाक्य विरलं की मग पुढचं." आणि खाली लिहिलं : "या यंत्राचा खर्च शून्य रुपये."

उशा पळवणारे प्राध्यापक

परतीच्या लोकलमध्ये मी मुलांना एक खरी गोष्ट सांगितली. तुम्हांलाही सांगतो.

१८९५ सालची गोष्ट. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात व्याख्यानांसाठी एक नवी खोली बांधली होती. दिसायला सुंदर, पण आत कुणी बोललं तर एक अक्षर कळेना. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंदांपर्यंत घुमत राही. हे दुखणं बरं करण्याचं काम वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे आलं. वय अवघं सत्तावीस.

सबाइन यांनी काय करावं? जवळच एक नाट्यगृह होतं. तिथल्या खुर्च्यांवरच्या उशा ते रात्री उचलून आणत आणि त्या खोलीत मांडत. मग ऑर्गनच्या एका नळीतून सूर काढायचा, थांबवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो तो घड्याळावर मोजायचा. रात्री का? तर रस्त्यावरची गडबड थांबलेली असे म्हणून. आणि सकाळ व्हायच्या आत सगळ्या उशा परत जागेवर! उशा वाढवल्या की घुमणं कमी होई. अशा कित्येक रात्री जागून त्यांनी निनादाचं गणित मांडलं. आजही जगभर सभागृहं बांधताना तेच गणित वापरतात.

त्यांना आणखी एक गंमत सापडली. माणूसही आवाज शोषून घेतो! एक माणूस साधारण सहा उशांइतका. म्हणजे रिकामं सभागृह घुमतं आणि भरलेलं कमी घुमतं.

हे ऐकताच काकांनी कपाळावर हात मारला. "अरे, तो दुकानदार स्पीकर दाखवायला आला होता बुधवारी दुपारी. चर्च रिकामं! पुढे उभं राहून आपणच ऐकलं आणि आपणच माना डोलावल्या. शेवटच्या बाकावर जाऊन बसलंच कोण?"

कुणीच नाही. चूक दुकानदाराची होती, तशी आमचीही होती.

पुण्याच्या आठ घंटा

दुसरी सफर पुण्याची. गुरुवार पेठेत पंचहौद मिशनचं चर्च आहे. इतिहासाच्या तासाला तुम्ही या जागेचं नाव ऐकलं असेल. १८९० साली इथे एका कार्यक्रमाला लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे अशी मंडळी आली होती आणि त्यांच्यापुढे चहा ठेवला गेला होता. मिशनमधला चहा प्यायले म्हणून केवढं वादळ उठलं! प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. आम्हांला मात्र कुणी अडवलं नाही. मुलांनी पेठेतल्या टपरीवर चहा घेताना ही आठवण काढून मनसोक्त हसून घेतलं.

या चर्चजवळ घंटांचा एक उंच मनोरा आहे, चर्चपासून वेगळा उभा. त्यात इंग्लंडहून आणलेल्या आठ घंटा आहेत. आठही लहानमोठ्या, प्रत्येकीचा सूर वेगळा.

अशा घंटा वाजवण्याची इंग्लंडमध्ये एक जुनी पद्धत आहे. प्रत्येक घंटेला मोठं चाक असतं, चाकाला दोर आणि प्रत्येक दोराला एक माणूस. घंटांचा क्रम दर वेळी बदलायचा आणि एकदा वाजवलेला क्रम पुन्हा वाजवायचा नाही! आता गणित करा पाहू. आठ घंटांचे किती वेगवेगळे क्रम होतील? आठ गुणिले सात गुणिले सहा असं करत एकपर्यंत या. उत्तर येतं ४०,३२०! फक्त सात घंटा घेतल्या तरी ५,०४० क्रम होतात आणि तेवढे वाजवायलाच सुमारे तीन तास लागतात.

मनोऱ्याखाली उभं राहून काका म्हणाले, "आपल्या वसईच्या घंटा कुठे आहेत, ठाऊक आहे का?" मुलं गप्प. काका सांगू लागले. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला जिंकला. किल्ल्यात चर्च होती, त्यांच्या घंटा होत्या. विजयाची खूण म्हणून त्या घंटा ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराचं देऊळ आहे. तिथल्या प्रसिद्ध घंटेवर १७२१ हे साल आहे. भीमाशंकरलाही अशीच एक घंटा आहे, तिच्यावर १७२९.

"मग चर्चची घंटा देवळात गेल्यावर तिचा आवाज बदलला का?" आठवीतल्या मुलानं विचारलं.

"नाही रे," काका म्हणाले. "घंटेला भाषा कुठे असते? 'या' एवढंच ती सांगते. तेवढं सगळ्यांना कळतं."

मला एकदम आजीचं वाक्य आठवलं. घंटा सूर पाठवते, म्हणून ती लांबवर पोचते आणि घुमली तरी बिघडत नाही. माणूस पाठवतो शब्द. शब्दातला सूर मागच्या बाकापर्यंत सहज पोचतो, पण क, ट, त, प ही बारीक अक्षरं वाटेतच बुडतात. अन् अक्षर बुडालं की अर्थ बुडाला. आमच्या त्या मोठ्या स्पीकरांनी काय केलं होतं? फादरांची घंटा करून टाकली होती!

गोव्यातलं लाकडी छत्र

मे महिन्याच्या सुटीत गोवा. कोकण रेल्वेनं करमळी स्टेशनला उतरलं, की जुनं गोवं अगदी जवळ. सोबत वसईची सुकेळी होतीच. जिथे जाऊ तिथे एक पुडी भेट द्यायची, असं ठरलं होतं.

जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल एवढं प्रचंड आहे, की मुलं दारातच थबकली. १५६२ साली त्याचं बांधकाम सुरू झालं. समोरून पाहिलं तर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ साली कोसळला, तो पुन्हा बांधलाच नाही. उरलेल्या मनोऱ्यात गोव्यातली प्रसिद्ध सोन्याची घंटा आहे. ती सोन्याची नाही बरं का! तिचा नाद इतका भरदार, की लोकांनीच तिला ते नाव दिलं.

पण आम्हांला हवं होतं ते सापडलं रस्त्यापलीकडे, बॉम जेजूच्या बॅसिलिकात. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष इथे आहेत, म्हणून जगभरातून लोक येतात. १५९४ साली बांधायला घेतलेलं हे चर्च १६०५ साली पूर्ण होऊन त्याचा अभिषेक झाला. आत गेल्यावर सगळ्यांच्या नजरा समोरच्या सोनेरी वेदीवर खिळतात. आमच्या काकांची नजर मात्र बाजूच्या भिंतीवर. तिथे कोरीवकाम केलेला एक लाकडी सज्जा आहे. प्रवचन देणारे धर्मगुरू पूर्वी अशा सज्जात चढून बोलत. आणि सज्जाच्या वर आहे एक लाकडी छत्र.

"हे छत्र कशाला? चर्चमध्ये काय पाऊस पडतो?" वहीवाल्या मुलीनं विचारलं.

काका खूश झाले. "हाच त्यांचा लाउडस्पीकर! बोलणाऱ्याचा आवाज वर छतात जाऊन हरवायचा. छत्रानं तो अडवून खाली लोकांकडे पाठवायचा. शिवाय सज्जा बघ कुठे आहे? पार पुढे वेदीपाशी नाही, लोकांच्या मधोमध. म्हणजे शेवटचा माणूस निम्म्यानं जवळ आला!"

माइक नव्हता, वीज नव्हती, तरी चारशे वर्षांपूर्वीच्या सुतारांना आणि गवंड्यांना आमच्या आजीची अडचण ठाऊक होती!

पण मग एक कोडं पडतं. शब्दांची एवढी काळजी होती, तर चर्चच एवढी घुमणारी का बांधली? याचं उत्तर भाषेत आहे. त्या काळी मिस्सा असायची लॅटिनमध्ये. ती बहुतेकांना शब्दशः कळतच नसे. लोक गाणं ऐकत, घंटा ऐकत, मनात प्रार्थना करत. त्या गाण्याला निनाद हवाच होता. लोकांच्या भाषेत असायचं ते प्रवचन, म्हणून छत्र लागायचं प्रवचनाला. फादर थॉमस स्टीफन्स यांनी तर गोव्यात राहून मराठी ओव्यांमध्ये 'ख्रिस्तपुराण' रचलं. ते १६१६ साली छापलं गेलं. लोकांना कळेल असं सांगायचं, ही धडपड तेव्हाही होतीच.

पुढे १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि मिस्सा लोकांच्या भाषेत होण्याचा मार्ग मोकळा झाला. आमच्याकडे मराठी आली. आजीला ते दिवस आठवतात. ती म्हणते, "लॅटिन होती तेव्हा कळायचं नाही, पण कळत नाही म्हणून वाईटही वाटायचं नाही. आता आपल्या भाषेत बोलतात नि तरी कळत नाही, याचं वाईट वाटतं."

आमचं चर्च लॅटिन गाण्यासाठी बांधलेलं आणि आम्ही त्यात मराठी बोलतोय. भिंती जुन्या, भाषा नवी. दुखणं सापडलं होतं!

गोव्यात आणखी एक सोय मुलांना फार आवडली. तिथल्या जुन्या घरांना आणि चर्चना शिंपल्यांच्या खिडक्या असत. पातळ, दुधी रंगाचे शिंपले लाकडी चौकटीत बसवायचे. उजेड आत येतो, पण मऊ होऊन. वहीत त्याचं चित्रही आलं.

पायऱ्यांचं पान मात्र भरतच चाललं होतं. जुन्या इमारती पाहाव्यात तिथे पायऱ्या! आठवीतला मुलगा म्हणाला, "चारशे वर्षांत आवाजाचा विचार झाला, उजेडाचा झाला. याचा कुणीच का नाही केला?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

आमची चूक फुकट घेऊन जा!

उत्तर मिळालं ते अगदी घराजवळ. शेजारच्या गावात काही वर्षांपूर्वी नवं चर्च बांधलं आहे. सायकलवर वीस मिनिटं. एवढं जग फिरून आलो, पण तिथे कधी असं बघायला गेलो नव्हतो!

तिथली देखभाल पाहणारे काका हसतमुख. त्यांनी प्रत्येक गोष्ट उघडून दाखवली. दोन मोठे स्पीकर नाहीतच. खांबाखांबावर उभट, अरुंद असे छोटे स्पीकर. तोंडं माणसांकडे वळवलेली, छताकडे नाही. आवाजही हळू. प्रत्येकाच्या जवळ एक स्पीकर आहे, मग ओरडायचं कशाला?

"पण यात एक मेख आहे," ते म्हणाले. "आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तारेतून मात्र तो डोळ्याची पापणी लवायच्या आत पोचतो. मग काय होतं, सांगा?"

मी आमच्या चर्चचं गणित मांडलं. लांबी ३४ मीटर. पुढच्या स्पीकरचा आवाज शेवटच्या बाकाला पोचायला एक दशांश सेकंद लागणार. मागचा स्पीकर मात्र ताबडतोब बोलणार. म्हणजे आजीला एकच शब्द दोनदा ऐकू येणार, जसे काही दोन फादर एकमेकांच्या मागे धावताहेत! म्हणून तिथे एक छोटं यंत्र बसवलं आहे. ते मागच्या स्पीकरना मुद्दाम किंचित उशिरा बोलायला लावतं. थांबायला लावणारं यंत्र! सेंट थॉमसमधल्या वाचणाऱ्या काकांची आठवण झाली.

फरशीच्या कडेनं एक तार फिरवलेली होती. ती कानात यंत्र घालणाऱ्यांसाठी. माइकचा आवाज विजेच्या रूपात त्या तारेतून फिरतो, त्यानं बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि कानातल्या यंत्रामधलं बारीक वेटोळं ते पकडतं. म्हणजे शब्द हवेतून न जाता थेट कानात! सगळ्या यंत्रांमध्ये मात्र असं वेटोळं नसतं, तेवढं आधी पाहावं लागतं.

आणि दारात होता उतार. पायऱ्यांच्या शेजारी, गुळगुळीत नाही, खरबरीत, कठडा लावलेला.

"हा दुसरा उतार आहे," देखभालीचे काका म्हणाले. "पहिला आम्ही जागा वाचवायला आखूड केला. इतका चढाचा झाला, की खुर्ची वर जाईना आणि खाली आली तर थांबेना! तो फोडून टाकला. नियम लक्षात ठेवा, एक फूट चढायला बारा फूट लांबी. ही आमची चूक फुकट घेऊन जा, तुम्ही पैसे देऊन करू नका!"

किती मोठ्या मनाचं बोलणं! आपलं चांगलं दाखवणारे पुष्कळ भेटतात. आपली चूक दाखवणारा शेजारी भेटायला भाग्य लागतं. शेवटची सुकेळ्यांची पुडी आम्ही त्यांना दिली.

शेवटच्या बाकावरून

आमच्या बैठकीत वही वाचून दाखवली. मोठे स्पीकर घ्यायचे नाहीत, हे पाच मिनिटांत ठरलं. असलेले काढून सभामंडपाच्या कार्यक्रमांसाठी ठेवले. खांबांवर छोटे स्पीकर आले, उशिराचं यंत्र आलं. मागच्या भिंतीवर आवाज शोषणारे जाड तक्ते लावले, त्यांना गावातल्या बायकांनी कापड शिवून दिलं. त्या सबाइन यांच्या उशाच म्हणा ना! वाचन करणाऱ्यांसाठी फादरांनी तीन दिवसांचा वर्ग घेतला. विषय एकच : थांबायचं कुठे.

आणि उतार. आमच्या तीन पायऱ्या सहा-सहा इंचांच्या, म्हणजे दीड फूट चढ. मग लांबी किती? अठरा फूट. गणित मुलांनीच केलं, आखणी मुलांनीच चुन्यानं केली.

दुकानदारासारखी चाचणी आम्ही या वेळी बुधवारी घेतली नाही. घेतली ती रविवारी, चर्च गच्च भरलेलं असताना. पहिलं वाचन कुणी केलं असेल? आमच्या सहावीतल्या मित्रानं! तो स्वतः खुर्ची ढकलत उतारावरून आत आला. वेदीलाही पायरी आहे, म्हणून वाचनाचा स्टँड त्या दिवशी खाली फरशीवर आणला होता. आता तो कायमच खाली असतो. त्यानं वाचायला सुरुवात केली. आवाज लहानसा, पण सबंध चर्च कान देऊन ऐकत होतं.

मिस्सा संपल्यावर आम्ही धावत शेवटच्या बाकाकडे गेलो. आजी शांतपणे लुगड्याचा पदर सारखा करत होती. तिनं त्या मुलाला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "सगळे शब्द आले हो बाळा. फक्त शेवटच्या ओळीला जरा घाई केलीस."

सगळं काही जमलं आहे, असं नाही. जोराचा पाऊस कौलांवर पडू लागला, की अजूनही फादरांना थांबावं लागतं. कानातल्या यंत्रांसाठीची तार अजून बसलेली नाही, तिच्यासाठी पैसे जमवणं चालू आहे. पण व्हरांड्यातली ती एक जागा आता रिकामी असते आणि त्याचा आम्हांला सर्वांत जास्त आनंद होतो.

मित्रांनो, तुम्हीही असा शोध घेऊ शकता. तुमच्या शाळेचं सभागृह, देवळाचा सभामंडप, समाजमंदिर, कुठेही चालेल. आधी मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा आणि आवाज विरेपर्यंत मोजा. मग एका मित्राला पुढे उभं करून वीस अनोळखी शब्द वाचायला सांगा. तुम्ही मागे बसून लिहा. किती बरोबर आले, ते तपासा. एकदा रिकाम्या सभागृहात करा, एकदा भरलेल्या. आणि हो, दारातल्या पायऱ्या मोजायला विसरू नका.

फक्त एक करा. बसायचं ते शेवटच्या बाकावर!